जवळचं बंदर की सोयीचं? कोकणातल्या आयातदारासाठी कंटेनर सोडवण्याची वाट

जुलै महिना. वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्याच्या अंगणात वीस फुटी कंटेनरचं सील तोडलं आणि दार उघडताच आत कोंडलेला कुबट वास अंगावर आला. छताला आतून पाण्याचे थेंब लटकलेले, वरच्या थरातली पोती ओलसर. मालकांनी एका पोत्यातून मूठभर काजू बी काढली आणि अडकित्त्यानं एकेक फोडली. दहातल्या तीन गरांवर काळपट डाग. माल आफ्रिकेतून निघाला तेव्हा कोरडा होता, ओलाव्याचा दाखलाही सोबत होता. बिघडला तो आपल्या किनाऱ्यावर येऊन, अकरा दिवस यार्डात उभा राहून.

बंदर ठरवताना मालक म्हणाले होते, "अरे, ह्या बंदर बाजूक आसा, मगे माल लांब कित्याक उतरवतंस?" आणि आयातीची कागदपत्रं करण्यात इतकी वर्षं घालवलेल्या मी मान डोलावली. बंदराचं नाव सांगत नाही, कारण चूक आमचीच होती. तिथं आमच्या जहाज कंपनीचं फीडर जहाज, म्हणजे मोठ्या बंदरातून छोट्या बंदरात कंटेनर आणणारं छोटं जहाज, आठवड्यातून एकदाच यायचं, हे आम्ही विचारलंच नव्हतं. मधल्या बंदरात कंटेनर रोल झाला, म्हणजे ठरलेल्या जहाजावर न चढता पुढच्यासाठी राहिला. इथं उतरला तो जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या तोंडावर. त्यात क्वारंटाइनच्या, म्हणजे मालातून कीड-रोग येत नाही ना हे बघण्याच्या, तपासणीची वेळ मिळायला चार दिवस गेले.

तेव्हापासून माझ्याकडे कुणी "कुठलं बंदर?" विचारायला आलं, की मी नकाशा बाजूला ठेवतो आणि कोरा कागद घेतो. त्या कागदावर काय लिहायचं, ते पुढे.

आधी हे समजून घ्या: ड्युटी सगळीकडे तीच

अमुक बंदरात ड्युटी कमी लागते, हा समज अजून ऐकू येतो. सीमाशुल्क कायदा १९६२चा आहे आणि दर देशभर एकच. २०२० साली फेसलेस असेसमेंट आली. जूनमध्ये बंगळुरू आणि चेन्नईपासून सुरुवात झाली आणि ऑक्टोबरअखेर ती देशभर लागू झाली. आता तुमचा माल न्हावा-शेव्याला उतरला तरी बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं कस्टम्सकडे भरायचं विवरणपत्र, तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. "तिथले साहेब ओळखीचे आहेत" या भांडवलावर बंदर निवडण्याचे दिवस गेले. मला तरी त्याचं दुःख नाही.

बंदर बदललं की रकमेत फरक पडतो तो भाड्यामुळे. ड्युटी मालाची किंमत, समुद्री भाडं आणि विमा मिळून जो आकडा होतो त्यावर बसते. एका बंदराचं भाडं दुसऱ्यापेक्षा साठ हजारांनी जास्त असेल, तर ते साठ हजार मूल्यातही मिळतात आणि त्यावरही ड्युटी लागते. एफओबी भावानं, म्हणजे भाडं-विमा न धरलेल्या किमतीनं, खरेदी केली असेल तर जहाज कंपनीचं भाड्याचं बिल किंवा दाखला हाताशी ठेवाच. भाडं किती ते दाखवता आलं नाही, तर नियमानुसार एफओबी किमतीच्या २० टक्के भाडं धरलं जातं आणि विमा ठाऊक नसेल तर १.१२५ टक्के. काजू बीसारख्या मालात खरं भाडं २० टक्क्यांच्या बरंच खाली असतं. निव्वळ एका कागदापायी जास्त ड्युटी भरलेले लोक मी पाहिलेत.

आपल्या किनाऱ्यावर नक्की काय काय आहे

कोकणाला बंदरांची कमी कधीच नव्हती. चौल, दाभोळ, वेंगुर्ला ही नावं जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी होती. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती. पण आज एक कंटेनर आणायचा म्हटलं की यादी एकदम आखडते.

कारण असं, की सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७ खाली ज्या बंदराची अधिसूचना निघाली आहे तिथंच परदेशी माल उतरवता येतो, आणि ती अधिसूचना ठराविक प्रकारच्या मालापुरतीही असू शकते. जयगडला खोल पाण्याचं बंदर आहे, २००९पासून चालू आहे, पण तिथं प्रामुख्यानं कोळसा, खनिज असा सुटा माल जहाजच्या जहाज भरून येतो. अंबा नदीतल्या धरमतरला डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल उतरतो. दाभोळला द्रवरूप नैसर्गिक वायू. रेडीचं नाव लोहखनिजाशी जोडलेलं. राजपुरी खाडीतलं दिघी २०२१मध्ये अदानी समूहाकडे गेलं, तिथंही सध्याचं काम मुख्यतः सुट्या मालाचं. रत्नागिरीतल्या माणसाला वाटतं, जयगड तासाभरावर, मग माझं मशीन तिथं का नको? तर नियमित कंटेनर जहाजच तिथं लागत नाही म्हणून. अख्खं जहाज भरेल एवढा माल असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तुम्ही हा लेख वाचत बसला नसता.

राहतात तीन पर्याय. पहिला उरणजवळचं न्हावा-शेवा, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदर. १९८९ साली सुरू झालं, आज तिथं अनेक कंटेनर टर्मिनल आहेत आणि भोवती पनवेल-उरण पट्ट्यात तीसच्या वर कंटेनर फ्रेट स्टेशनं, म्हणजे सीएफएस: बंदराबाहेर कंटेनर ठेवण्याची, तपासण्याची आणि सोडवण्याची यार्डं. दुसरा गोव्याचं मुरगाव. तिसरा पणंबूरचं नवमंगळूर. वाढवणच्या बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४मध्ये झालं, पण ते उभं राहून तिथं माल उतरेपर्यंत आपल्याला या तिघांतच भागवायचं आहे.

चिपळूण, खेड, महाड, रोहा या भागातल्या माणसानं फार डोकं लावू नये. लोट्याच्या कारखानदाराला न्हावा-शेवा अडीचशे किलोमीटरच्या आत पडतं आणि जहाजंही तिथंच जास्त. रसायनं आणत असाल तर आणखी एक कारण आहे: घातक मालाच्या कंटेनरला साठवणुकीचे वेगळे नियम असतात, तो हाताळू शकणारा सीएफएस आणि त्यात मुरलेला एजंट, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणारा दलाल, तिथं सहज मिळतो.

खरा पेच सिंधुदुर्गाचा. सावंतवाडीहून मुरगाव शंभर किलोमीटरच्या आसपास, मंगळूर सव्वाचारशे-साडेचारशे आणि न्हावा-शेवा पाचशेच्या घरात. नकाशा बघितला तर उत्तर उघड वाटतं, आणि तिथंच माणूस फसतो.

पायरी पहिली: माल त्या बंदरात चालतो का?

भाव विचारण्याआधी हे बघायचं. विक्रेत्याकडून मालाचं नेमकं नाव घ्या, एजंटकडून एचएस कोड, म्हणजे मालाचा कस्टम्सच्या वर्गवारीतला क्रमांक, पक्का करा. सालासकट काजू बीचा ०८०१ ३१. मग कोडवर कस्टम्सशिवाय आणखी कुणाची परवानगी लागते ते काढा.

शेतमाल, बी-बियाणं आणि लाकूड यांना वनस्पती क्वारंटाइन लागतं. २००३च्या प्लांट क्वारंटाइन आदेशात प्रवेशाच्या बंदरांची यादीच दिलेली आहे, त्या यादीबाहेर माल उतरवायचा नाही. निर्यातदार देशाचं फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याचं, प्रमाणपत्र हवं, धुरी दिली असेल तर तिची नोंद त्यावर हवी, आणि आदेशाच्या परिशिष्टात त्या मालाला आयात परवाना सांगितला असेल तर तो माल निघण्याआधीच काढलेला हवा. खाण्याच्या मालाला एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरण. काही ठिकाणी त्यांचे स्वतःचे अधिकारी असतात, बाकी ठिकाणी कस्टम्सचे अधिकारी ते काम बघतात. नमुना काढला गेला तर तो प्रयोगशाळेत जाऊन यावा लागतो. प्रयोगशाळा त्याच शहरात आहे की कुरिअरनं पाठवायचा आहे, यात तुमचे दोन-तीन दिवस सहज जातात. खाण्याच्या पॅकबंद वस्तूंना आयातीच्या वेळी ठराविक मुदत शिल्लक असावी लागते, त्यामुळे तिथं उशीर दुप्पट महाग पडतो.

औषधं, मोटारगाड्या, धातूचा भंगार अशा मालाला तर मोजकीच बंदरं नेमून दिलेली आहेत. जुनी, वापरलेली गाडी मुंबई बंदरातूनच आणता येते. अशा मालाला पसंतीचा प्रश्नच नाही.

आता एक गोष्ट जिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं: लाकडी पॅकिंग. व्हिएतनामहून काजू फोडायचं मशीन आणलं, मशीनला क्वारंटाइन लागत नाही, म्हणून सगळे निर्धास्त. पण मशीन ज्या लाकडी पॅलेटवर बसवलंय त्या लाकडाला लागतं! पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला, आयपीपीसी या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचा शिक्का हवा, त्यात देशाचा कोड आणि एचटी किंवा एमबी ही अक्षरं. एचटी म्हणजे उष्णता दिलेली, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. विक्रेत्याला सांगा, पॅकिंग झाल्यावर शिक्क्याचा फोटो पाठव. शिक्का पुसट असेल, झाकला गेला असेल किंवा नसेलच, तर इकडे धुरी द्यायची वेळ येते, आणि धुरी देणारी मंडळी प्रत्येक बंदरात सारखीच तत्पर मिळत नाहीत.

पायरी दुसरी: जहाज कसं येतं ते विचारा

फॉरवर्डरला, म्हणजे जहाजावर जागा ठरवून देणाऱ्याला, तीन प्रश्न. थेट जहाज की मध्ये बदल? आठवड्याला किती फेऱ्या? गेल्या महिन्यात तारखा किती पाळल्या? तिसऱ्याचं उत्तर तो आढेवेढे घेत देतो, पण विचारायचं.

न्हावा-शेव्याला मोठ्या कंपन्यांची जहाजं थेट लागतात. नवमंगळूर आणि मुरगावला कंटेनर बहुधा कोलंबोसारख्या बंदरात उतरून फीडरवर चढून येतो. मुरगावला कंटेनरच्या फेऱ्या मोजक्याच. एक फीडर चुकला की आठवडा गेला. न्हावा-शेव्याला चुकला तर दोन-तीन दिवसांत दुसरी सोय होते. सावंतवाडीपासून चारशे किलोमीटर वाचवायला निघालेला माणूस समुद्रात आठवडा घालवतो तो असा.

काजूवाल्यांसाठी यात एक खाच आहे. बेनिन, टांझानिया, मोझांबिक यांसारख्या अल्पविकसित देशांतून आलेल्या मालाला उगमाचं प्रमाणपत्र असेल तर ड्युटीत सवलत मिळते. आयव्हरी कोस्ट आणि घानाला ती मिळत नाही. पण त्या सवलतीला अट आहे की माल थेट भारताकडे आलेला हवा. मधल्या देशात जहाज बदललं तर चालतं, पण तिथं तो विकला-घेतला गेलेला नको, हे कागदावर दिसायला हवं. म्हणून मूळ बंदरापासून आपल्या बंदरापर्यंत एकच सलग बिल ऑफ लेडिंग (बीएल), म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, मागा. मध्ये तुटलेला बीएल आला, तर सवलत मागताना उत्तरं देत बसावं लागतं. २०२०च्या नियमांनुसार माल खरंच त्या देशातला असल्याची माहिती आयातदारानंच ठेवायची आहे. विक्रेत्यानं दिलेला कागद पुढे केला की सुटलो, असं आता राहिलेलं नाही.

पायरी तिसरी: दिवसांचा कागद

हाच तो कोरा कागद. प्रत्येक बंदरासाठी एक रकाना. उभ्या ओळीत टप्पे: समुद्रातले दिवस, मधल्या बंदरातला मुक्काम, जहाज लागल्यापासून कंटेनर यार्डात दिसेपर्यंत, कस्टम्सची मंजुरी, क्वारंटाइन किंवा अन्न तपासणी, डीओ (माल देण्याचा जहाज कंपनीचा आदेश), रस्ता, आणि रिकामा कंटेनर परत देणं. प्रत्येकापुढे दोन आकडे, चांगला दिवस आणि वाईट दिवस. निर्णय वाईट दिवसांच्या बेरजेवर घ्यायचा.

शेजारी मोफत दिवस लिहा. इथं नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो, कारण मीटर दोन असतात. एक जागेचा: टर्मिनल किंवा सीएफएस ठराविक दिवसांनंतर ग्राउंड रेंट लावतं. दुसरा डब्याचा: जहाज कंपनी तिच्या कंटेनरचं डिटेन्शन घेते, आणि ते रिकामा कंटेनर तिच्या यार्डात परत जाईपर्यंत चालू राहतं. पहिला मीटर कंटेनर बाहेर पडला की थांबतो, दुसरा तुमच्या अंगणातही पळत असतो. दोन्हीचे दर दिवसागणिक चढत जातात, आणि डिटेन्शन बहुधा डॉलरमध्ये.

मोफत दिवस वाढवून घ्यायची वेळ बुकिंगची. सात दिवस असतील तर चौदा मागा. भाव ठरताना कंपनी पुष्कळदा देते. माल अडकल्यावर मागाल तर विनवण्या करत बसाल.

सिंधुदुर्गच्या माणसानं रिकाम्या कंटेनरचा विचार खास करावा. न्हावा-शेव्याहून भरलेला डबा कुडाळला आणला, रिकामा परत तिकडेच पोहोचवायचा. म्हणजे हजार किलोमीटरचं ट्रेलरभाडं आणि दोन-तीन दिवसांचं डिटेन्शन. म्हणून पुष्कळजण सीएफएसमध्येच कंटेनर रिकामा करतात आणि पोती साध्या ट्रकमध्ये भरून आणतात. हमाली लागते, पोती फुटतात, वजनावर लक्ष ठेवायला आपला माणूस लागतो. तरी बेरीज केली तर बहुतेकदा हेच परवडतं. शिवाय गावातल्या वळणावर चाळीस फुटी ट्रेलर अडकण्याचा प्रश्न मिटतो.

थोडा माल असेल, म्हणजे दुसऱ्यांबरोबर एकाच कंटेनरमध्ये, एलसीएल, तर आणखी सावध. डबा कुठल्या सीएफएसला उघडायचा ते माल एकत्र करणारी कंपनी ठरवते, तुम्ही नाही. भाडं बघाल तर जवळजवळ फुकट, आणि इथं आल्यावर डीओ, हाताळणी, डबा उघडणं, कागदांचं शुल्क असं बिल येतं की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इथले सगळे खर्च आधी लेखी मागा. आणि एलसीएल आणायचंच असेल तर न्हावा-शेवा. छोट्या बंदरात त्याची सोय शोधत बसू नका.

पायरी चौथी: कागदावर बंदर एकच हवं

प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर, म्हणजे सौद्याच्या आगाऊ बिलावर, सही करण्याआधी बंदराचं नाव त्यात घाला. "एनी इंडियन पोर्ट" असं मोघम लिहिलेलं मान्य करू नका. सीआयएफ सौद्यात, म्हणजे भाडं-विमा विक्रेत्यानं भरायच्या सौद्यात, विक्रेता त्याला स्वस्त पडेल तिथं माल टाकतो. मग तेच नाव एलसी (बँकेचं हमीपत्र), विमा, बीएल आणि फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र या सगळ्यांत जुळतं का ते बघा.

बिल ऑफ एंट्री भरताना बंदराचा कोड निवडावा लागतो. न्हावा-शेव्याचा आयएनएनएसए१ आणि नवमंगळूरचा आयएनएनएमएल१, पहिली तीन इंग्रजी अक्षरं तीच. एकदा माझ्याच टेबलावर घाईत नजर चुकली. चेकलिस्ट परत वाचणाऱ्या मुलीनं बोट ठेवलं म्हणून निभावलं. चुकीच्या बंदराची एंट्री गेली तर साध्या दुरुस्तीनं भागत नाही, ती रद्द करून नव्यानं भरावी लागते.

आणि वेळ. कलम ४६ प्रमाणे जहाज ज्या दिवशी येतं त्याच्या आदल्या दिवसअखेरपर्यंत बिल ऑफ एंट्री भरलेली हवी. आदला दिवस सुट्टीचा असला तरी सवलत नाही. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. जहाज यायच्या तीस दिवस आधीपासून ती भरता येते, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट कशाला बघायची? आता बंदराचा संबंध बघा: थेट जहाजाची तारीख बऱ्यापैकी आधी कळते, फीडरची कधीकधी तीन दिवस आधी. कोलंबोहून मंगळुरापर्यंतचा प्रवास इतका थोडका, की बीएलचा मसुदा आधी हातात नसेल तर धावपळ ठरलेली.

ड्युटी ठरल्यावर एका दिवसात भरायची, नाहीतर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज. चलनाचा दर एंट्री भरलेल्या दिवसाचा धरतात. ड्युटीचा दर मात्र एंट्री आणि जहाजाला मिळालेला आगमनाचा परवाना यांतल्या नंतरच्या दिवसाचा. फेब्रुवारीत अर्थसंकल्पाच्या आसपास माल येत असेल आणि जहाज रेंगाळलं, तर आगाऊ भरलेल्या एंट्रीला नवा दर लागू शकतो.

मशीन ईपीसीजी परवान्यावर, म्हणजे निर्यातीच्या हमीवर ड्युटी-सवलतीनं, आणत असाल तर त्या परवान्यावर नोंदणीचं बंदर लिहिलेलं असतं आणि बाँड तिथं करायचा असतो. परवाना काढला एका बंदराच्या नावानं आणि मशीन निघालं दुसरीकडे, असं होऊ देऊ नका. परवान्याचा अर्ज करतानाच एजंटला फोन करा.

पायरी पाचवी: जहाज लागल्यावर

जहाज कंपनी मालाची यादी, आयजीएम, दाखल करते. तुमची एंट्री तिच्याशी जुळायला हवी: बीएल क्रमांक, नग, वजन, कंटेनर क्रमांक. एक आकडा चुकला की कंपनीकडून यादी दुरुस्त करून घ्या, त्याचं शुल्क भरा, वाट बघा. त्यामुळे यादी निघाली की त्याच दिवशी आयसगेट या कस्टम्सच्या संकेतस्थळावर तपासा.

मग संगणकाची जोखीम-प्रणाली ठरवते: माल थेट सोडायचा, कागद तपासायचे, की डबा उघडायचा. इथं कुणाचं काही चालत नाही. कागद तपासणारा लांब बसलेला असला तरी डबा उघडून बघायचा असेल तर तो बंदरातलाच अधिकारी बघतो, आणि त्या वेळी तुमचा एजंट तिथं उभा हवा. म्हणून एजंट निवडताना परवाना कुठल्या कस्टम हाऊसचा, यापेक्षा त्याचा माणूस त्या बंदरात रोज असतो का, हे विचारा. मुंबईचा एजंट मंगळूरचं काम "करून देतो" म्हणाला, तर ते तो तिथल्या कुणाकडून तरी करून घेणार आहे. त्या कुणाचा फोन नंबर मागून घ्या. मंगळूरला काजूचा माल वर्षानुवर्षं उतरतो. तिथल्या मुरलेल्या एजंटला क्वारंटाइनचा नमुना कधी निघेल, धुरी कोण देईल, गोडाऊन कुठं मिळेल हे तोंडपाठ असतं. सिंधुदुर्गच्या काजूवाल्याला मी मंगळूर सुचवतो ते याच कारणानं. मशीन, सुटे भाग किंवा बोटीचं इंजिन असेल तर न्हावा-शेवा.

न्हावा-शेव्याला डीपीडी म्हणजे टर्मिनलवरून थेट माल उचलायची सोय आहे, सीएफएसचा खर्च वाचतो. पण दिलेल्या वेळेत ट्रेलर गेटवर नसेल तर डबा सीएफएसला जातो आणि दोन्हीकडचा भुर्दंड बसतो. मंजुरी मिळाल्यावर देवगडहून ट्रेलर शोधायला लागणाऱ्यानं डीपीडीच्या नादी लागू नये. पनवेलचा वाहतूकदार आधी ठरलेला असेल तर जरूर घ्या.

आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडण्याचा कस्टम्सचा हुकूम, मिळाला, ड्युटी भरली, डीओ हातात आला, की माल तुमचा. डीओचं काम कस्टम्सच्या मंजुरीची वाट न बघता समांतर चालू ठेवा. मूळ बीएल बँकेत अडकलाय आणि सगळं तयार असून डबा उभा, हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की मी ते आता पहिल्याच भेटीत विचारतो: पैसे कधी पाठवणार?

काही कारणानं लगेच सोडवता येत नसेल, तर बाँडेड गोदामात हलवण्याचा अर्ज करा. ड्युटी नंतर भरता येते आणि यार्डाचं भाडं थांबतं. उतरल्यापासून तीस दिवसांत माल सोडवला नाही तर तो विकायचा अधिकार बंदराला मिळतो, हेही ध्यानात असू द्या.

पायरी सहावी: पावसाळा आणि घाट

मुंबई-गोवा महामार्ग, एनएच ६६, पावसात काय करतो हे आपल्याला सांगायला नको. चिपळूणजवळ परशुराम घाटात दरड आली की अवजड गाड्या थांबतात. वळसा घालून कोल्हापूरकडून यायचं तर पुढे गगनबावडा किंवा आंबोली, आणि भरलेला ट्रेलर तिथं कुठपर्यंत येऊ देतात ते त्या आठवड्याच्या आदेशावर. कोलाड ते वेर्णा कोकण रेल्वेची रो-रो आहे, १९९९पासून ट्रक गाडीवर चढवून नेतात; सुट्या ट्रकनं माल आणणाऱ्यानं तिची चौकशी करावी.

जून ते सप्टेंबर उघड्या यार्डातला डबा म्हणजे उन्हात तापलेली आणि रात्री गार पडलेली पत्र्याची पेटी. आतल्या मालाची वाफ छताला लागते आणि परत मालावर ठिबकते. काजू बी, सुपारी, मसाले, कागद, सगळ्यांना हाच शाप. डब्याला आतून क्राफ्ट पेपर आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या लावायला विक्रेत्याला करारातच सांगा. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, त्याचा उशिरा निघालेला माल नेमका आपल्या पावसात उतरतो. टांझानिया-मोझांबिकचा ऑक्टोबरपासून पुढे, त्याला ही भीती कमी. पावसातल्या मालासाठी मी दिवसांच्या कागदावर प्रत्येक बंदराच्या रस्त्याला दोन दिवस जास्तीचे धरतो.

मध्येच बंदर बदलायचं झालं तर

बदलता येतं, पण महाग पडतं. जहाज कंपनीकडे गंतव्य बदलाची विनंती करायची, मूळ बीएल सगळे परत द्यायचे, शुल्क भरायचं, आणि कंपनीनं जुन्या बंदरासाठी यादी दाखल करायच्या आत हे सगळं उरकायचं. फायटोसॅनिटरीवर जुन्या बंदराचं नाव असेल तर क्वारंटाइनकडे खुलासा द्यावा लागतो. एकदाच हे करून बघितलं, सहा दिवस आणि भरपूर फोन गेले. भाड्यातला फरक बघून मोह झाला तर आधी हे सहा दिवस कागदावर लिहा.

वेंगुर्ल्याच्या त्या मालकांनी पुढच्या हंगामात टांझानियाचा माल घेतला. यावेळी त्यांनी फोन केला तो सौदा व्हायच्या आधी. आम्ही दोघांनी त्यांच्या पडवीत बसून तीन रकाने मांडले, मंगळूर, मुरगाव, न्हावा-शेवा. वाईट दिवसांची बेरीज मंगळूरची सगळ्यात कमी आली. मोफत दिवस चौदा मागितले, बारा मिळाले. तिथल्या एजंटनं डबा यार्डात दिसताच फोन केला, क्वारंटाइनची वेळ आधीच घेतलेली होती. पोती सीएफएसमध्येच ट्रकमध्ये भरली आणि चौथ्या दिवशी पहाटे ट्रक फाटकात शिरला. मालकांनी पहिल्या पोत्याचा टाका उसवला, मूठभर बी काढली आणि अडकित्ता माझ्या हातात दिला.